लाल पेटी वाढली

आमच्या घरात काही संपत नाही. तांदूळ वाढतात, तेल वाढतं, गॅस वाढतो. बांगडी फुटली तर ती वाढली, रात्री दुकान बंद करायचं तर ते वाढवायचं. अशुभ शब्द टाळायची ही पद्धत बऱ्याच घरांत होती, पण माझ्या आईइतकं ती कडक पाळणारं माणूस मी पाहिलं नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर "आई, साखर संपली" असं ओरडत बाहेर आले तेव्हा पाठीत बसलेला धपाटा मला अजून आठवतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात चूक कोणाची हे ठरवताना मी दर वेळी इथेच येऊन अडकते.

माझं मिरजेत दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल, कानातली यंत्रं, स्कूटरच्या बॅटऱ्या. कंपनी ज्याला 'आता नवीनच घ्या' म्हणते ते सगळं माझ्याकडे येतं. मी डिप्लोमावाली. डोकं फार मोठं नाही, पण हात चांगला आहे, आणि त्याचा मला थोडा माजही होता.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. हातपाय महिन्याभरात बरेचसे परत आले. बोलणं आलं नाही. डॉक्टरांनी मला कागदावर दोन गोल काढून दाखवले. माणसाला जे म्हणायचं असतं ते एका गोलात, त्याचे शब्द तयार होतात ते दुसऱ्या गोलात, आणि झटक्यानं मधला पूल पडला होता. म्हणून लिहिणंही गेलं, कारण लिहायलाही शब्द लागतातच. बाबांना सगळं कळायचं, सगळं म्हणायचं असायचं, आणि तोंडातून नुसते आवाज यायचे. लोकांत असे आवाज काढायला त्यांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी तेही बंद केले.

मग ती जाळी आली. पोस्टाच्या तिकिटाएवढी, कानामागे कवटीच्या आत बसवायची. 'म्हणायचं आहे' त्या भागातल्या पेशींच्या बारीक विजेच्या हालचाली ती टिपते, त्यांचं वाक्य करते, आणि कॉलरला लावलेल्या बटनातून ते वाक्य ऐकू येतं. बाबांचा आवाज त्यांच्या जुन्या मोबाइलमधल्या तीन क्लिपांवरून बनवला होता. त्यातल्या दोन लग्नाच्या वरातीतल्या. त्यामुळे बाबा साधं पाणी मागायचे तेही वरातीतून हाक मारल्यासारखं.

अडचण विजेची होती. मेंदूशेजारी बॅटरी ठेवता येत नाही, तापली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून वीज बाहेरून, तारेशिवाय द्यायची. कातडीवर तांब्याचं एक वेटोळं चिकटवायचं, तसंच एक आत असतं. बाहेरच्या वेटोळ्यात वीज मागेपुढे नाचवली की आतल्यात आपोआप वीज उमटते. शाळेत लोहचुंबक आणि तारेचा प्रयोग करतो, त्याचंच हे मोठं भावंड. पण ही वीज देणारं यंत्र कंपनीनं भिंतीला स्क्रूनं बसवून दिलं होतं. दीड मीटर वायर. तिच्यापलीकडे गेलं की माणूस मुका. प्रवासाचं वेगळं यंत्र मिळायचं, पण त्याच्या किमतीत माझं दुकान शटरसकट आलं असतं. बाबा तेव्हापासून भिंतीशेजारच्या खुर्चीत बसून होते. उभा जन्म रस्त्यावर गेलेला माणूस, दाव्याला बांधल्यासारखा. आमच्या गावात अशी बावीस माणसं होती.

डिसेंबरात काकूचा फोन आला. थोरल्या काकांचं आता फार दिवसांचं राहिलं नव्हतं, डॉक्टर आठवडा म्हणत होते. मी बाबांना हे सांगितलं.

"मला ने," बाबा म्हणाले. "मला त्याच्याशी बोलायचंय."

"काय बोलायचंय? मी फोनवर सांगते की."

"त्याच्याशी बोलायचंय म्हटलं ना. तुझ्याशी नाही."

बाबा कंडक्टर होते आणि थोरले काका ड्रायव्हर. दोघे खटपट करून एकाच लाल गाडीवर ड्युटी लावून घ्यायचे. तेव्हा गाडीत कंडक्टर असायचा, प्रवाशांच्या डोक्यावरून दोरी गेलेली असायची. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकोणीस वर्षांपूर्वी एका फाट्यावर एक म्हातारी पायरीवर असतानाच गाडी हलली. ती पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. चौकशीत काका म्हणाले, मागून डबल बेल आली म्हणून मी गाडी काढली, ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. बाबा म्हणाले, मी बेल दिलीच नव्हती. गाडीत एवढी गर्दी होती की तिसऱ्या कोणाला काही सांगता येईना. काकांची नोकरी गेली. ते काकूच्या माहेरी, साखरप्याच्या पुढच्या एका वाडीत जाऊन टेम्पो चालवू लागले. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि काकांचं नाव निघालं की माझ्या मनात एकच यायचं, बेल न ऐकता गाडी काढणारा माणूस.

मला चार दिवस लागले. स्कूटरच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्यांतले चांगले सेल निवडून काढले. ठेवायला दोन कंपासपेट्या घेतल्या, एक माझी शाळेतली लाल, दुसरी बाजारातून आणलेली हिरवी. वेटोळं हातानं गुंडाळलं. हल्ली भाजीवाले गाड्यावर टाकतात ते सूर्यकापड हातभर कापून घेतलं, म्हणजे वाटेत उन्हावर पेटी भरत राहील. आकडा दाखवणारा पडदा मी लावला नाही. तो महाग, आणि स्वतःच वीज खातो. त्याऐवजी मण्याएवढा दिवा ठेवला. पेटला तर वीज आहे, विझला तर नाही. एक पेटी म्हणजे साधारण दोन तासांचं बोलणं. सगळं मिळून वजन जेवणाच्या डब्याहून कमी भरलं.

एकच गोष्ट मला सोडवता आली नव्हती. भिंतीतली वीज ओबडधोबड असते, ती वेटोळ्याला थेट देता येत नाही, पेटीतूनच गाळून द्यावी लागते. आणि पेटी पार रिकामी झाली तर सेल जपण्यासाठी पहिला तासभर तिला अगदी थेंबाथेंबानं वीज द्यावी लागते. बोलण्याजोगी व्हायला दोन तास जातात. म्हटलं, पार रिकामी होऊ द्यायचीच कशाला?

"शिदोरी झाली म्हण की," आईनं दोन्ही पेट्या हातात घेऊन बघितल्या आणि जुन्या साडीची पिशवी शिवून दिली.

"लाल वाटेत वापरायची," मी तिला समजावलं. "हिरवी काकांकडे गेल्यावर."

आम्ही सकाळी सातला निघालो. मी चालवायला, आईबाबा मागे, पिशवी आईच्या मांडीवर. मी गाडी सुरू केली तसं मागून दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक झाली.

"डबल बेल," कॉलरमधून आवाज आला. "चला."

मी हसले. आरशात बघितलं तर बाबा हसत नव्हते. टकटक केलेला हात समोर धरून ते त्याच्याकडे बघत होते.

मग मात्र त्यांची कळी खुलली. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, एकेक थांबा ते पुकारत गेले. आता बसमध्ये कंडक्टर नसतो, यंत्र तिकीट देतं, तर एका बसला मागे टाकताना म्हणाले, "मुकी झाली बिचारी." बांबवड्याला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं साखर किती विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नेहमीसारखा." त्या माणसानं बाबांना जन्मात पाहिलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि चहा गाळायला लागला. दोन वर्षांत बाबांनी परक्या माणसाला दिलेलं ते पहिलं उत्तर. आई पदरानं डोळे पुसत उगाच गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि मला माझ्या हातांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

निघताना मी सूर्यकापड मागच्या काचेला आतून लावलं आणि लाल पेटी त्याला जोडली.

"बाबा, आता जरा कमी बोला. ऊन चांगलं आहे, भरेल ती," मी म्हटलं. "आई, लाल वाढली की मला सांग."

"सांगते की," आई म्हणाली.

बाबा आवाज बारीक करून आईशी बोलत राहिले. काय ते मला ऐकू येत नव्हतं. मधूनच आई "इश्श" म्हणायची. दोघांची ती कुजबुज मला थांबवावीशी वाटली नाही. मलकापूर मागे पडल्यावर ती थांबली.

"शलू," आई म्हणाली. "लाल वाढली गं."

"एवढ्यात? बघ, म्हटलं नव्हतं? मग बोलू देत त्यांना मनसोक्त."

"मग लावू?"

"लाव की."

मला वाटलं, बाबांनी शहाण्यासारखं वेटोळं काढून ठेवलं असेल, तेच परत लावू का विचारतेय. मी वळून बघितलं नाही. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या.

आंबा घाटात बाबांचा आवाज मोठा झाला. वळण आलं की त्याची हकीकत आलीच. रस्त्याच्या कामासाठी अर्धा तास गाड्या अडवल्या होत्या, तेवढ्यात त्यांनी पुढच्या ट्रकवाल्याशी ओळख काढली. मग धुक्याची गोष्ट सांगितली. एकदा इथे हात पसरला तर हात दिसत नव्हता, आणि काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून, निव्वळ टायरखालच्या खडीचा आवाज ऐकत, पंचावन्न माणसं खाली उतरवली होती.

"दादासारखे कान कोणाचे नाहीत," बाबा म्हणाले.

"मग त्यांनी बेल न ऐकता गाडी कशी काढली?" मी सहज विचारलं. निदान मला ते सहज वाटलं.

दोन वळणं गेली.

"पोचल्यावर सांगतो," बाबा म्हणाले. "आधी त्याला. मग तुला."

वाडीत पोचायला पावणेबारा झाले. काकू दारातच उभी होती. थोरले काका पडवीत लोखंडी खाटेवर होते, छातीचा भाता वरखाली होत होता, पण डोळे उघडे होते. बाबांना बघून ते डोळे त्यांच्यावर येऊन थांबले आणि हलेचनात.

"सकाळपासून दाराकडेच बघतायत," काकू म्हणाली. "बसा भावजी. बोला त्यांच्याशी. ऐकू येतंय त्यांना सगळं."

बाबा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"दादा," कॉलरमधून आवाज आला. वरातीतल्यासारखाच, मोठा. काकांच्या कपाळावरची एक शीर हलली. आणि मग काहीच आलं नाही. बाबांचं बोलणं आत चालू होतं हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, पण बटन गप्प होतं. मण्याचा दिवा विझला होता.

"आई, हिरवी लाव."

"हिरवीच आहे की. मलकापुरापासून तीच आहे. तूच म्हणालीस ना लाव म्हणून?"

"मग लाल लाव. लाल वाढली म्हणाली होतीस."

आईनं लाल पेटी पिशवीतून काढून माझ्यापुढे धरली.

"वाढली म्हणजे वाढली गं," ती म्हणाली. "उरली नाही."

मी दोन्ही पेट्या ओढून घेतल्या आणि भिंतीला लावल्या. दोन तास. माझ्याच हातांनी मोजलेले दोन तास. मागच्या काचेला ऊन अडवणारा पातळ थर असतो हे मला ठाऊक होतं, दहा गाड्यांच्या काचा मी स्वतः बदलल्यात. सूर्यकापड मी घराच्या गच्चीवर तपासलं होतं, काचेआडून नाही. आईला 'वाढली की सांग' असं मीच सांगितलं होतं, आणि नवऱ्याच्या आवाजाबद्दल ती बाई 'संपला' म्हणणार होती थोडीच?

"बाबा, मला खुणेनं सांगा," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. मग दोन वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. स्वतःच्या तोंडानं बोलायला लागले. "ब," ते म्हणाले. "ब... ब..." ओठ मिटत होते, उघडत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला वाटलं 'बघ' म्हणतायत. मी बघितलं, काकांच्या उशीखाली, खाटेखाली. काकूला वाटलं पाणी हवंय. तिनं तांब्या आणला. बाबांनी तो बाजूला सारला. काका बघत होते, वाट बघत होते, आणि श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

मग बाबा थांबले. त्यांनी उजवा हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी नळीवर पेरानं दोनदा वाजवलं. टक, टक.

काकांचा डावा पाय चादरीखाली हलला. टाच टेकून पंजा खाली दाबला जावा तसा, क्लच दाबल्यासारखा. मला तेव्हा वाटलं, दोघा भावांना जुने दिवस आठवले. मला बरंही वाटलं. पाव तासानं काका गेले.

वाडीतली माणसं जमली. दोन वाजून गेल्यावर कोणाला तरी भिंतीशी मण्याचा दिवा पेटलेला दिसला. आईनं पेटी आणून वेटोळं बाबांच्या कानामागे लावलं. बाबा अजून खाटेशेजारीच बसले होते.

"बेल मीच दिली होती," ते म्हणाले.

बटनाचा आवाज कमी कसा करायचा हे कोणालाच सुचलं नाही. पडवीत, अंगणात, सगळ्यांनी ते ऐकलं.

"गर्दी होती. मी मागे बघितलंच नाही. दोन दिल्या. दादानं बरोबर ऐकलं होतं. घरी पोर शिकत होती, नोकरी गेली असती, म्हणून मी नाही म्हणालो. खोटं मी बोललो. दादा, मी बोललो."

मी डिप्लोमाला त्याच वर्षी प्रवेश घेतला होता. ज्या हातांचा मला माज होता ते हात कशावर शिकले ते मला तिथे कळलं.

काकू भिंतीला टेकून बसली होती. ती रागावेल असं मला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"टेम्पोच्या पत्र्यावर कोणी दोनदा थाप मारल्याशिवाय ते गाडी काढत नसत," ती म्हणाली. "रस्ता मोकळा असला तरी. पोरं हसायची. अलीकडे अलीकडे तर मला विचारायला लागले होते, खरंच ऐकली होती का गं मी बेल? का मला भास झाला? एकोणीस वर्षं झाली भावजी. त्यांचा त्यांच्याच कानांवर भरवसा राहिला नव्हता."

बाबांनी कानामागचं वेटोळं काढलं आणि आईच्या हातात दिलं.

ती दोनदाची टकटक काकांना कबुली म्हणून कळली, की 'जा आता' अशी कळली, की मरणाऱ्या ड्रायव्हरच्या कानात नुसती बेल वाजली आणि पायानं आपलं काम केलं, हे आता कोणाला विचारायचं? काकूचं म्हणणं, त्यांना समजलं. बाबा त्यावर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. त्यांना त्या वेळी काय सांगायचं होतं तेही त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

मी शिदोरी अजून बनवते. गावातल्या बावीसांपैकी एकोणीस जणांकडे ती आहे. एक बाई तिच्या जिवावर लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जाऊन आल्या. आता मी प्रत्येक पेटीला आकड्याचा पडदा लावते, वीज खाल्ली तर खाल्ली. आणि देताना घरच्यांना बजावून सांगते की पेटी संपली तर तोंडानं संपली असंच म्हणा, पाप लागलं तर मला लागू दे. काही आया-बाया तरीही अडखळतात. आई आता बॅटरीबद्दल काहीच बोलत नाही, नुसता आकडा वाचून दाखवते.

बाबा लांब कुठे जात नाहीत. भिंतीशी बसतात, तेही बऱ्याचदा वेटोळ्याशिवाय.

काका गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही वाडीतून परत निघालो. दोन्ही पेट्या पूर्ण भरलेल्या होत्या. काकू अंगणात उभी होती. आईबाबा मागे बसले, दारं लागली, मी गाडी सुरू केली आणि थांबले. आरशात बाबांचे हात दिसत होते. मांडीवर, एकावर एक ठेवलेले. मी थांबून राहिले. काकूला वाटलं काही विसरलं, ती दोन पावलं पुढे आली.

"चल गं," आई हळूच म्हणाली. "आता नाही द्यायचे ते."

मी बेलशिवाय गाडी काढली.